पिशवी नेमकी कोणती

म्हसळ्याच्या पूर्वेला डोंगर असल्यामुळे तिथे उजेड आधी येतो आणि सूर्य मागाहून. माघातल्या त्या सकाळी उजेड प्रथम शेजारच्या शिवदासकाकांच्या गच्चीवरील पाण्याच्या काळ्या टाकीवर येऊन टेकला. टाकी क्षणभर निळसर झाली, एखाद्या विचारात पडल्यासारखी दिसली, आणि मग पुन्हा टाकीच राहिली. तिथून उजेड पोफळींच्या शेंड्यांवर गेला, शेंड्यांवरून केबलच्या तारेवर घसरला, दोरीवरच्या ओल्या टॉवेलात थोडा वेळ अडकला, आणि शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांमधून आत येऊन फळीवरच्या डब्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरला. साखरेचा डबा उजळला. पोह्यांचा उजळला. त्यांच्या मधला तांदळाच्या पिठाचा डबा मात्र नेमका गजाच्या सावलीत सापडला आणि तसाच राहिला. कुलदीप टेबलाशी बसून हे सारे पाहत होता. चहा निवत चालला होता. पिठाच्या डब्याविषयी त्याला वाईट वाटत होते. ज्यांचा काही अपराध नाही अशा वस्तूंविषयी वाईट वाटून घेण्याची त्याला सवय होती. माणसांविषयी वाटे तेव्हा तो अधिकच गप्प होई.

"काल ते बायकांच्या तपासणीचं शिबिर होतं ना, तिथं दाखवून आले," आई चहाचे पातेले विसळत म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवीची सोनोग्राफी करून घ्या. माणगावला होते म्हणे. उशीर नका लावू म्हणाल्या."

कुलदीपने डब्यावरची नजर हलवली नाही.

"बरं," तो म्हणाला.

पुढे जे काही घडले ते सगळे या एका 'बरं'मधून घडले.

कुलदीप तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत असे. वडील गेल्यापासून घरात तो आणि त्याची आई सुचिता एवढी दोनच माणसे होती. मराठी ही शब्दांच्या बाबतीत श्रीमंत भाषा आहे, असे तो दरवर्षी अकरावीच्या वर्गाला भरल्या आवाजात सांगे. सूर्याला, पाण्याला, कमळाला तिने ओंजळी भरभरून नावे दिली. परंतु माणसाच्या पोटात शिरल्यावर हिचा हात एकाएकी का आखडतो, हा प्रश्न त्याला त्या सकाळी प्रथमच पडला. तिथे जे जे पोकळ, ते ते पिशवी. पित्ताची पिशवी, लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी. आणि बोलताना तर मागचे विशेषण गाळून नुसतीच पिशवी. बाजारात न्यायची ती आणखी वेगळी, आणि सगळ्यांत जास्त मान तिलाच.

आई यांपैकी कोणत्या पिशवीविषयी बोलत होती? तिला विचारता आले असते. ती चार हातांवर उभी होती. पण विचारले तर तिला संकोच वाटेल, असे कुलदीपला वाटले. आईच्या लज्जेचे रक्षण करणे हे मुलाचे कर्तव्य आहे, अशी त्याने मनाशी वाक्यरचना केली. ती त्याला डौलदार वाटली. आणि डौलदार वाक्य एकदा जमले की त्यामागचा प्रश्न सुटला असे समजण्याचा त्याचा जुना परिपाठ होता.

म्हणून त्याने अनुमानाचा मार्ग धरला. वडे खाल्ल्यावर आई ढेकर देत असे. पित्तावर ती कोकमाचे सार घेई. अलीकडे काम करताना ती मधूनच थांबे आणि पोटावर हात ठेवी. तो हात पोटाच्या नेमक्या कोणत्या मजल्यावर असे हे कुलदीपने पाहिले नव्हते. पाहणे त्याला प्रशस्त वाटले नव्हते. या तीन पुराव्यांवरून त्याने निकाल दिला की पिशवी पित्ताचीच असणार. हा निकाल त्याला आवडला. पित्ताशय हा एक सभ्य अवयव आहे. तो स्त्रीलाही असतो, पुरुषालाही असतो, आणि त्याच्याविषयी चारचौघांत बोलताना आवाज खाली आणावा लागत नाही.

कॉलेजात मधल्या सुट्टीत त्याने मोबाइलवर पित्ताशयातील खड्यांविषयी वाचले. चाळिशी उलटलेल्या स्त्रियांना ते अधिक होतात. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ उठते, ती पाठीत किंवा खांद्यापर्यंत जाते. हे वाचता वाचता त्याच्या स्वतःच्या उजव्या बरगडीखाली काहीतरी हलले, ती गोष्ट वेगळी. पुढे लिहिले होते की पुष्कळांचे खडे वर्षानुवर्षे गप्प बसून राहतात आणि त्यांना कोणी हात लावण्याची गरज पडत नाही. त्या खड्यांविषयी कुलदीपला आपुलकी वाटली. राहता राहिले डॉक्टरीणबाईंचे 'उशीर नका लावू'. पण डॉक्टर लोक असे म्हणतातच. वर्गात आपणही 'आत्तापासून अभ्यासाला लागा' असे जूनमध्येच म्हणतो. तेव्हा आधी पथ्य, मग सोनोग्राफी, असे त्याने ठरवले.

पथ्याची सुरुवात त्याने त्याच संध्याकाळी केली. तेलाचा डबा माळ्यावर गेला. खोबरे बंद झाले. तळलेला मासा बंद झाला, आणि कोकणातल्या घरात तळलेला मासा बंद होणे म्हणजे काय हे मांजरीच्या चेहऱ्यावरूनही कळत होते. आई हे सगळे पाहत राहिली.

"डॉक्टरीणबाईंशी बोललास का तू?" तिने विचारले.

कुलदीप कोणाशीही बोलला नव्हता. पण 'वाचले' म्हटले तर 'काय वाचलेस' असे ती विचारणार, आणि त्यातून पुन्हा तिला संकोच.

"माहिती काढली आहे मी," तो म्हणाला. "तू काळजी करू नकोस."

आईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिले आणि मुकाट्याने दुधी किसायला घेतला.

आई काही सांगू पाहत नव्हती असे नाही. एका रात्री जेवणे झाल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "कुलदीप, मला ना, मधूनमधून..." तेवढ्यात कुलदीपला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आठवला. दुसऱ्यांदा ती "तुला म्हणून सांगते" एवढे म्हणाली, तेव्हा त्याने बातम्यांचा आवाज वाढवला. त्या वेळी बातम्यांत कांद्याचा भाव सांगत होते. कुलदीपने तो अत्यंत एकाग्रतेने ऐकला.

पथ्याची वार्ता कुंपणापलीकडे जायला वेळ लागला नाही, कारण कुंपणापलीकडे ठमाबाई राहत होत्या. ठमाबाई वयाने आईपेक्षा बऱ्याच मोठ्या, आवाजाने तर सगळ्या आळीपेक्षा मोठ्या. शिबिरालाही त्याच आईला घेऊन गेल्या होत्या.

"काय रं मास्तर," त्या पडवीत येऊन बसल्याबसल्या म्हणाल्या, "आयशीला उपाशी मारतोस व्हय? तोंड बघ तिचं. दुधीगत झालंय."

"आजी, पिशवीच्या विकारात तेल वर्ज्य असतं," कुलदीप म्हणाला.

"पिशवीला तेल? ती काय सायकल हाय?"

"तुम्हाला त्यातलं कळणार नाही."

"मला न्हाय कळणार?" ठमाबाईंनी पदर खोचला. "अरं, मी पास झालेय पास. डॉक्टरनीनं तपासलं आन म्हनली, आजी, तुमचं सगळं बेस्ट हाय. शाळंत कंदी पास नव्हते झाले ती हितं झाले. आता मराय मोकळी, पुन्ना तपासाय नको."

"तसं नसतं हो ठमाबाई," आतून आई म्हणाली. "काही वर्षांनी पुन्हा दाखवायचं असतं. बाईंनी सांगितलं ना?"

"ते नापासांना असंल," ठमाबाई म्हणाल्या.

यानंतर शिवदासकाकांनी प्रकरण हातात घेतले. काका एस.टी.तून निवृत्त झालेले होते. गाडी सुटण्याआधी सर्व प्रवाशांची चौकशी करायची त्यांची सवय मात्र निवृत्त झालेली नव्हती. त्यांनी कुलदीपला फाटकाशीच गाठले.

"पिशवीचं काहीतरी आहे म्हणे वहिनींच्या?"

"हो. म्हणजे, तसं काही गंभीर नाही."

"काढून टाक."

"काका, अजून तपासणी व्हायची आहे."

"तपासणी कसली? आमच्या हिची काढली. तेव्हापासून बघतोयस ना, कशी ठणठणीत आहे? अरे, या वयात तिचं काम काय? रिकामी पिशवी नुसती टांगून ठेवायची कशाला?"

हा विचार कुलदीपला वैद्यकीयदृष्ट्या उथळ वाटला, परंतु अनुभव हा अनुभव असतो. त्याने आवाज गंभीर करून विचारले, "काकूंना काढल्यानंतर तेलकट पचतं का?"

काकांनी भुवया जवळ आणल्या. "तेलकटाचा काय संबंध?"

"नाही, म्हणजे पित्ताचा त्रास..."

"पित्त तर हिला लग्नाच्या आधीपासून आहे! त्याचा त्रास मला." मग त्यांनी कुलदीपच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तुझं लग्न व्हायला पाहिजे. त्याशिवाय तुला या गोष्टी कळायच्या नाहीत."

पित्ताशयाचा आणि विवाहाचा संबंध काय, या विचारात कुलदीपने ती संध्याकाळ घालवली. जग आपल्याशी एका परक्या भाषेत बोलते आहे आणि त्या भाषेतले सगळे शब्द मराठी आहेत, अशी एक चमत्कारिक खिन्नता त्याला आली. पोफळींच्या मागे उजेड विझत होता. आई तुळशीपाशी उभी होती, आणि बराच वेळ उभीच होती.

तरीही त्याने एक पाऊल उचलले, हे नमूद केले पाहिजे. त्याने माणगावच्या सोनोग्राफी केंद्राला फोन केला. बोलायचे वाक्य त्याने आधी मनात घोळवून ठेवले होते.

"नमस्कार. मला माझ्या मातोश्रींच्या संदर्भात, उदरातील पिशवीविषयी विचारणा करायची होती."

"कसली पिशवी?" पलीकडून एक मुलगी म्हणाली.

कुलदीपने आवाज खाली आणला. "पिशवी," तो म्हणाला. "जी असते ती."

"रिपोर्ट पिशवीत घालूनच मिळतो सर. वेगळी आणायची गरज नाही."

"धन्यवाद," कुलदीप म्हणाला आणि फोन ठेवला. हे संभाषण पुढे नेणे त्याच्याने होईना. पथ्य आणखी काही दिवस वाढवले गेले.

कोणास ठाऊक किती दिवस हे असेच चालले असते. पण एका दुपारी आईच्या मोबाइलवर फोन आला. आई मोरीत होती, म्हणून कुलदीपने घेतला. शिबिरात आईची तपासणी करणाऱ्या डॉ. मृणाल बोलत होत्या. त्यांचा दवाखाना माणगावला होता.

"सुचिताताईंचा मुलगा का? अजून सोनोग्राफी झाली नाही? मी वाट बघतेय."

"मॅडम, सध्या पथ्य चालू आहे," कुलदीप नम्रपणे म्हणाला.

"कसलं पथ्य?"

"तेल, तूप, खोबरं, सगळं पूर्ण बंद केलं आहे."

मग डॉक्टर काहीतरी भराभर बोलू लागल्या, आणि नेमकी रेंज गेली. कुलदीप मोबाइल घेऊन पडवीत आला, अंगणात आला, फाटकापर्यंत गेला. तिथे त्याला एवढेच ऐकू आले: "...थांबण्यासारखं नाही हे. उद्याच्या उद्या आणा." पुन्हा रेंज गेली.

तो घरात आला तेव्हा आई मोरीच्या दाराशी भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय म्हणाल्या?"

"उद्या बोलावलं आहे."

"आणखी काही?"

"नाही," कुलदीप म्हणाला. आईने मान हलवली. तिचा यावर विश्वास बसला नाही, एवढे त्यालाही दिसले.

पित्ताशयाच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचे असते, हे कुलदीपने पक्के वाचले होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याने आईला चहाच काय, पाण्याचा घोटही घेऊ दिला नाही. आळीतल्या प्रीतमची भाड्याची गाडी सांगितली होती. गाडी दाराशी येताच मागच्या सीटवर आईच्या आधी ठमाबाई जाऊन बसल्या.

"आजी, तुम्ही कशाला?"

"का? तुला एकल्याला जमनार हाय का? बायकांचं काम हाय."

सोनोग्राफीत बायकांचे काम ते काय, हे कुलदीपला उमगले नाही. घाटात प्रीतमने रस्त्यावरचा एकही खड्डा वगळला नाही. प्रत्येक खड्ड्याला आई पोट धरी, आणि प्रत्येक वेळी कुलदीप मनात म्हणे, खडा हलला.

केंद्रात गर्दी नव्हती. तिघेचौघे बसले होते. भिंतीवर गर्भलिंगनिदान केले जात नाही अशी पाटी होती. तिच्याखालीच एक खुर्ची रिकामी होती. त्या पाटीखाली बसणे बरे दिसणार नाही म्हणून कुलदीप उभा राहिला. काउंटरवर फोनवरच्याच आवाजाची मुलगी होती.

"कसली आहे? पिशवीची ना?"

"हो, पिशवीची," कुलदीप ठामपणे म्हणाला. हा शब्द आता त्याला धीटपणे उच्चारता येऊ लागला होता.

"पाणी प्यायलेत का पेशंट?"

"एक थेंबही नाही," कुलदीप म्हणाला. आपल्या व्यवस्थेचा त्याला अभिमान वाटला.

"अहो, मग प्या! पोट फुगेपर्यंत प्या. लघवीची पिशवी भरल्याशिवाय दिसणार कसं?"

पित्ताची पिशवी पाहण्यासाठी लघवीची पिशवी भरायची, हा निसर्गाचा कोणता न्याय? पण मुलीने बोटाने पाण्याचे पिंप दाखवले. आई पिऊ लागली. एक ग्लास, दुसरा, मग पुढचे. आईच्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा ठमाबाई उठल्या.

"एकलीनं किती प्यायचं बायनं? दे मलापन," असे म्हणून त्याही सोबतीला पिऊ लागल्या. त्यांना प्यायचे कारण नाही असे दोनदा सांगून झाले. "पानीच हाय ना? इख न्हाय ना?" असे विचारून त्यांनी पुढचा ग्लास भरला.

तेवढ्यात मुलीने माहिती विचारायला सुरुवात केली. नाव झाले, वय झाले.

"शेवटची पाळी कधी?"

कुलदीप दुखावला गेला. "शेवटची कशी?" तो म्हणाला. "आम्ही पार म्हसळ्याहून, सगळ्यांच्या आधी घरून निघून आलो आहोत. आमची पाळी पहिली असायला हवी."

मुलीने लेखणी थांबवली. बसलेल्या बायकांपैकी एकीने पदर तोंडाला लावला.

"सर, पाळी. आईंची. बंद कधी झाली?"

"बंद कशी होईल?" कुलदीपचा आवाज न्यायासाठी झगडणाऱ्या माणसाचा झाला. "अजून आलीच नाही तर बंद कशी होईल?"

यानंतर जो हशा झाला त्यात ठमाबाईंचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि इतके पाणी प्यायलेल्या बाईने इतके हसणे सुरक्षित नव्हते. त्या हसत हसत स्वच्छतागृहाकडे पळाल्या आणि दारातूनच ओरडल्या, "अगो, चार-पाच वर्सं झाली तिची बंद होऊन! त्या मास्तराला काय इचारतेस? तो बिचारा रांगेत हाय!"

कुलदीपच्या कानाची पाळी, म्हणजे तिसऱ्या प्रकारची, लालबुंद झाली. आयुष्यभर ज्या भाषेची सेवा केली तिने असे भर चौकात उघडे पाडावे, याचे त्याला अतोनात दुःख झाले. तो निमूटपणे त्या पाटीखालच्या खुर्चीवर जाऊन बसला. आता तिथे बसण्यात गमावण्यासारखे काही उरले नव्हते.

आत गेलेली आई बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि थेट स्वच्छतागृहाकडे गेली. केंद्राच्या डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावले. कुलदीप आत गेला.

"पित्ताशय वगैरे सगळं पाहिलं. स्वच्छ आहे. खडा नाही," डॉक्टर म्हणाले.

कुलदीपच्या अंगावरून वारा गेल्यासारखे झाले. "म्हणजे काही नाही!"

"काही नाही कसं? गर्भाशयाचं अस्तर जाड दिसतंय. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जातंय म्हणूनच आलात ना तुम्ही? हे डॉक्टर मृणालना आजच दाखवा. आतला तुकडा काढून तपासावा लागेल."

"तपासून काय पाहायचं असतं?" कुलदीपने विचारले.

"कर्करोग नाही ना, ते," डॉक्टर साधेपणाने म्हणाले. "बहुतेक वेळा नसतो. पण न तपासता तसं म्हणता येत नाही."

कुलदीप बाहेर आला. ठमाबाई खुर्चीवर बसून वारा घेत होत्या. आई रिपोर्टची वाट पाहत काउंटरपाशी उभी होती. रिपोर्ट आला तो खरोखरच पिशवीत घालून.

प्रीतम गाडी काढायला गेला होता. रस्त्याच्या कडेला तिघे उभे राहिले.

"आई," कुलदीप म्हणाला, "मला वाटलं होतं, पित्ताची."

"काय पित्ताची?"

"पिशवी."

आई त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. "म्हणून होय रे ते तेल बंद!" ती म्हणाली, आणि हसू लागली. ती इतकी हसली की रिक्षावाला वळून पाहू लागला. ठमाबाई म्हणाल्या, "म्हनजी, ह्यानं दुसरीच पिशवी उपाशी ठेवली?" आणि दोघी एकमेकींना धरून पुन्हा हसू लागल्या. कुलदीप मध्ये उभा होता. या क्षणी एखाद्या माणसाने नेमके काय करावे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

हसता हसता आईचा आवाज कधी बदलला ते कळले नाही.

"मला रे काय वाटलं," ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तू डॉक्टरीणबाईंशी बोललायस. एवढं कडक पथ्य लावतोय, माझ्याकडे बघत नाहीये, बोलायला गेलं की उठून जातोय. म्हणजे त्यांनी तुला सांगितलं असणार, आणि तू माझ्यापासून लपवतोयस. रोज तो बिनतेलाचा दुधी खाताना मी म्हणायचे, आता किती दिवस खायचा आहे कोण जाणे. देवघरातल्या समया कोणाला द्यायच्या, तेसुद्धा ठरवून टाकलं मी."

"मला द्याच्या ठरवल्या तिनं," ठमाबाई म्हणाल्या. "आता ग्येल्या त्या." पण त्यांनी आईचा हात सोडला नव्हता.

डॉ. मृणाल यांनी त्याच दिवशी रिपोर्ट पाहिला, दोन दिवसांनी दवाखान्यात बोलावले, भूल देऊन तो तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. मधल्या दिवसांत तेलाचा डबा माळ्यावरून खाली आला. आईने सुरमई तळली. पण ती कोणाच्या घशाखाली नीट उतरेना, आणि मांजरीची चंगळ झाली. कुलदीप कॉलेजात जाई, फळ्यावर समास लिही, आणि विग्रह करताना अर्ध्यावरच थांबे. शिवदासकाकांनी फाटकाशी पुन्हा विचारले, "काढली का पिशवी?" तेव्हा त्याने त्यांना गर्भाशय हा शब्द पूर्ण उच्चारून सगळी हकिगत सांगितली. काकांनाच खोकला आला आणि ते घरात गेले.

रिपोर्ट आला त्या दिवशी ठमाबाईही दवाखान्यात आल्या होत्या. डॉ. मृणाल यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि तो वाचून होईपर्यंत खोलीतला पंखासुद्धा जपून फिरत होता.

"अस्तराला फुटलेला साधा कोंब होता, पॉलिप म्हणतात तो," त्या म्हणाल्या. "तो निघाला. कर्करोग नाही. पिशवी काढायची काही गरज नाही."

आईने डोळे मिटले. ठमाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या गणपतीला लांबूनच नमस्कार केला आणि लगेच विचारले, "पास ना?"

"पास," डॉक्टर हसल्या. "पण ही परीक्षा पुन्हा पुन्हा द्यायची असते आजी, तुम्हीसुद्धा. आणि पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात यायचं. या वेळी निभावलं. पण दुसरं काही निघालं असतं, तर एवढे दिवस महाग पडले असते." मग त्या कुलदीपकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. "मी सांगितलं त्याच आठवड्यात का आणलं नाहीत? असं पुष्कळ घरांत होतं, म्हणून विचारते. बायका बोलत नाहीत. आईंना सांगायला लाज वाटली का?"

कुलदीपच्या मनात उत्तर तयार होते. या सगळ्या दिवसांत ते त्याने स्वतःला इतक्या वेळा दिले होते की ते आता नुसते उच्चारायचे बाकी होते. त्याने आईकडे पाहिले. त्याच्या उत्तराला होकार द्यायला ती तयार होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

"नाही," कुलदीप म्हणाला. "आईला नाही. लाज मला वाटत होती."